देशाची बेरीज

गावालगतच्या वीजकेंद्राच्या धुराने कावेरीबाई उरकुडेंची लेक माहेराला मुकली होती. तिला दमा होता आणि डॉक्टरांनी गावात जायला मनाई केली होती. प्रत्येक सणाला कावेरीबाईंचे डोळे एसटीच्या वाटेकडे लागायचे.

निवडणुकीआधी खासदार विश्वंभरराव गावात आले. धुराची तक्रार ऐकून ते हसले. "संसदेत मी कार्बनच्या बाजाराच्या बाजूने बोललोय. एकूण धुराला मर्यादा देशाची. आपलं केंद्र जास्त धूर सोडेल, पण दुसऱ्या राज्यातल्या कमी धुराच्या कारखान्याकडून तेवढा धूर सोडायचा हक्क विकत घेईल. धूर कुठेही निघो, देशाची बेरीज तीच!"

कावेरीबाई उठल्या. "मग साहेब, आमची मतंही त्या राज्यातच पडू द्या. देशाची बेरीज तीच राहील."

सभा खदखदून हसली. विश्वंभररावांचा चेहरा उतरला. "बाई, तुम्हाला हवंय तरी काय?"

"आमच्या चिमणीलाही मर्यादा घाला. माझ्या लेकीला दुसऱ्या राज्यात माहेर नाही, साहेब."

पुढच्या अधिवेशनात विश्वंभररावांनी प्रत्येक चिमणीला वेगळी मर्यादा मागितली. कायदा अजून व्हायचाय. लेक मात्र फोनवर आत्ताच विचारते, "आई, येऊ का गं?"