अध्यक्षांची टाकी

साखर कारखान्याचे अध्यक्ष बाजीराव देसाई यांच्या बंगल्यातली संडासाची टाकी वर्षात तिसऱ्यांदा तुंबली, तेव्हा त्यांनी टाकी उपसणाऱ्या केरबाला पाहुण्यांदेखत फैलावर घेतलं. "पुन्हा बोलावणं यावं म्हणून तू अर्धी टाकी तशीच ठेवतोस, लबाडा. या गावात तुझी गाडी फिरू देणार नाही."

त्या गाडीवरच केरबाचं घर चालत होतं. तरी त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, संडासात रोज काय ओतता?"

"ॲसिडची अख्खी बाटली. माझ्या घरात एकही जंतू जिवंत राहत नाही."

"तिथंच घोळ आहे. टाकीतला मैला जंतूच जिरवतात. कारखान्यातले सगळे कामगार घालवून दिले, तर ऊस कोण गाळणार?"

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "हे सांगून तू आपलंच काम घालवलंस की."

"काम दुसरीकडे मिळेल, साहेब," केरबा पाइप उलगडत म्हणाला. "पण एकदा लबाड हे नाव पडलं, की ते कुठल्याच गाडीनं उपसून नेता येत नाही."

त्या दिवशी केरबाचा चहा नेहमीच्या वेगळ्या पेल्यात नाही, पाहुण्यांसारख्याच कपातून आला.