कानात सांगायचं ते

"म्हणजे आजही नाही?"

"आज कसं जमेल? ठमी व्यालीय," तात्या म्हणाले.

ठमी म्हणजे आमची मांजर. सुमेधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. या घरची सून म्हणून मी तरी काही शहाणपणाचं बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. पण ठमी खरंच व्याली होती, आणि तीही सुमेधाताईंच्या लोकरीच्या आसनावर. चार पिल्लं. मी काय बोलणार, कपाळ!

आमचं घर भोरला. माझे सासरे तात्या, आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या त्यांनी. आता दुकान माझा नवरा बघतो. लोक तात्यांकडे का येतात हे मला सोळा वर्षांत नीटसं कळलेलं नाही, पण येतात बाई. कुणी रडायला येतं, कुणी वाद घालायला.

सुमेधाताई अनुग्रह घ्यायला आल्या होत्या. नाशकात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. नोकरी सोडली, लग्न केलेलंच नव्हतं. तात्यांकडून कानात मंत्र घ्यायचा आणि तसंच नर्मदेकाठी जाऊन राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मला आता कसलाही पाश उरलेला नाही," आल्या आल्या त्यांनी सांगितलं.

"बरं," तात्या म्हणाले. "घरातलं जरा आवरलं, की देतो."

आवरलं की! आमच्या घरात! मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

सुमेधाताईंना मात्र ते एकदम पटलं. कंबर कसलीच त्यांनी. "सांगा, काय काय आहे? मी आवरते सगळं."

आता काय काय आहे म्हणून सांगू? उन्हाळा. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत पडलेला. शर्वरी, माझी लेक, आठ वर्षांची. शाळेला सुट्टी, त्यामुळे गल्लीतली यच्चयावत पोरं आमच्याच ओसरीवर. दगडू कुत्र्याला गोचिड्या झालेल्या. त्यात कऱ्हाडची मावशी सहा माणसं घेऊन न सांगता दारात उभी!

पहिल्या दिवशी सुमेधाताईंनी कपबशी विसळली तीसुद्धा परीक्षेला बसल्यासारखी. दुसऱ्या दिवशी मावशीनं त्यांना लसूण सोलायला बसवलं. "एवढी शिकलेली, पण नखं नाहीत गं तुला," म्हणाली. सुमेधाताई सोलत राहिल्या.

बुधवारी दगडूला आंघोळ घालायची होती. अर्धी घातली आणि तो साबणासकट निसटला. जिना चढून थेट गच्चीवर, आणि गच्चीत आम्ही नुकत्याच कुरडया घातलेल्या!

"अगं धर! धर त्याला, धर मेल्याला!"

हे कोण ओरडलं म्हणून मी वळून पाहिलं, तर सुमेधाताई. पदर खोचलेला, केस सुटलेले, हातात पाण्याचा मग. दगडू कुरडयांवरून चारी पायांनी नाचतोय, मागे सुमेधाताई, त्यांच्यामागे सगळी पोरं. शेवटी त्यांनी त्याला मिठीच मारली आणि दोघं धप्पकन खाली बसली.

इतक्या हसल्या, इतक्या हसल्या त्या! मग एकदम गप्प झाल्या. आपण हसलो याचंच त्यांना भय वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं.

गुरुवारी त्या कुरडयांचा दुसरा चीक हाटत होत्या. ओट्यावर चार्जिंगला लावलेला त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात भरलेले, म्हणून मीच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"वन्सं, मी बोलतेय." धाकट्या भावाची बायको. "रविवारी बारसं आहे छकुलीचं. तुम्ही आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणतायत हे. एकुलत्या एक आत्या तुम्ही."

"शेखरला सांग, माझी वाट बघू नका."

"पण नाव..."

"कुणीही ठेवू दे. नावाचं काय एवढं."

पलीकडे बाळ रडायला लागलं. बारीक, नव्या बाळाचं असतं तसं.

"ऐकताय ना वन्सं? तुमची भाची बघा..."

सुमेधाताईंनी चिकाच्या हातानंच फोन बंद केला. मग नुसत्याच उभ्या राहिल्या.

"ताई, चीक लागतोय खाली," मी म्हटलं.

तात्या दारातच होते. सगळं ऐकलं त्यांनी.

शुक्रवारी संध्याकाळी सुमेधाताईंचा तोल सुटला.

"तात्या, तुमचं घर कधी आवरणारच नाही! एक झालं की दुसरं. मी काय इथं भांडी घासायला आलेय?"

"उद्या देतो," तात्या म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

शनिवारी त्या चारला उठल्या. दहा वाजेस्तोवर अंगण झाडलेलं, कुरडया डब्यात, मावशी आणि मंडळी कऱ्हाडच्या गाडीत, दगडू स्वच्छ. इतकं आवरलेलं घर मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. मलाच करमेना.

सुमेधाताई न्हाऊन, नारळ घेऊन तात्यांसमोर बसल्या. आसन ठमीकडेच होतं, म्हणून जमिनीवर. दारात मी, माझ्या मागे पोरं. सगळ्यांना दम दिला होता, हूं की चूं करायचं नाही म्हणून.

"तयार?"

"गेली सहा वर्षं," सुमेधाताई म्हणाल्या.

"कान इकडे कर."

त्यांनी डोळे मिटले, मान झुकवली. तात्या पुढे वाकले. हाताचा आडोसा करून कानाशी तोंड नेलं. दारातून मीही कान टवकारले, खरंच सांगते.

"कुर्रर्र..."

आणि मग पोरं सुटली! बारशाला आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, एवढंच त्यांना ठाऊक. इथं कान कुणाचा, आत्या कोण, कोण बघतंय? शर्वरी सगळ्यांत पुढे. धपाधप, धपाधप, सुमेधाताईंच्या पाठीत! मी एकेकाला ओढून काढलं.

सुमेधाताई लालबुंद झाल्या होत्या.

"थट्टा करता माझी?"

"नाही."

"सहा वर्षं वाट पाहिली मी! सगळं सोडून आले!"

"कानात सांगायला माझ्याकडे एवढंच आहे," तात्या म्हणाले. "याच्यापुढचं तुझ्याकडे आहे."

त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. डोळे भरून आले.

"...मला भीती वाटते, तात्या."

"कशाची?"

"तिला एकदा उचलून घेतलं ना, की संपलं. मी परत गुंतेन."

"गुंतशील."

"मग?"

"मग काय. गुंत."

सुमेधाताई रडायला लागल्या. ओक्साबोक्शी, लहान मुलीसारख्या. मीही रडले, मला काय, कुणी रडलं की येतंच. शर्वरीला वाटलं धपाटे जोरात लागले. ती त्यांची पाठ चोळायला लागली.

"नाव ठरवलंयस?" तात्यांनी विचारलं.

"ती पोटात होती तेव्हापासून."

"काय, काय हो?" मी विचारलंच.

तात्यांनी हात वर केला. "आपल्याला नाही. आधी तिला."

सुमेधाताईंनी घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठल्या. "स्वारगेटची एसटी किती वाजता आहे?"

"अकराला!"

"अगंबाई, वीस मिनिटं!"

मग जी काय पळापळ झाली! पिशवी कुणी भरली, चपला कुणी आणल्या, देव जाणे. मी आवरलेल्या घरातले सगळे डबे उपसून बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू शोधले. पोरांनी चटणीचा डबा उपडा केला. दगडू भुंकून भुंकून घसा बसवून घेत होता. तात्यांनी सायकल काढली, पिशवी हॅंडलला अडकवली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी टांग टाकून निघालेसुद्धा.

मागे सुमेधाताई धावतायत, त्यांच्यामागे मी लाडू घेऊन, मागे सगळी पोरं. बाजारपेठेत लोक दुकानातून बाहेर येऊन बघायला लागले. "काय झालं हो?" कुणीतरी ओरडलं.

"बारसं आहे! बारसं!" सुमेधाताईच ओरडल्या. "माझ्या भाचीचं!"

गाडी स्टॅंडातून हललीच होती. शर्वरी आडवे हात करून बोंबलली, कंडक्टरनं बेल मारली. सुमेधाताई चढल्या. मी खिडकीतून लाडू आत टाकले, तात्यांनी पिशवी.

त्यांनी खिडकीतून हात जोडले. चेहरा रडून सुजलेला, आणि असा उजळलेला, की त्याच बाई या म्हणून कुणी ओळखलं नसतं.

"तात्या, मी परत कधी येऊ?"

तात्यांना धाप लागली होती. सायकल धरून उभे राहिले. गाडीनं वेग घेतला, तसे दोन पावलं तिच्याबरोबर चालले.

"नावानं हाक मार तिला. तिनं वळून बघितलं, की ये."