चित्रांगीचा पहिला गुलाबी परकर

एका राज्यात मेघबाहू नावाचा राजा होता, आणि त्याला कशाचीच उणीव नव्हती. हेच त्याचे दुखणे. भरल्या पोटी भूक कशी लागते ते राजांनाच विचारावे. राज्याच्या उत्तरेला डोंगर होता, डोंगराखाली कालंजर नावाच्या मांत्रिकाचा ठेवा होता, आणि त्याला हात लावू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. राजाने तो उपसला. गरज नव्हती, हौस होती.

कालंजर भरदरबारात आला. त्याने आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. "राजा, तू माझा ठेवा उणा केलास. आता तुझा ठेवा रोज एक तीळ उणा होईल." एवढे बोलून तो भिंतीतून निघून गेला. राजाने कोठारांवर दुहेरी पहारे बसवले, आणि सोन्याचा कणही हलला नाही. महिन्याभराने दहा वर्षांच्या राजकन्येचा, चित्रांगीचा, परकर जमिनीवर लोळू लागला. तेव्हा राजाला कळले की मांत्रिक कोणत्या ठेव्याविषयी बोलला होता.

मग धावाधाव. राजाने सारे धन परत केले, डोंगर होता तसा बुजवला, कालंजराच्या पायांवर डोके ठेवले. मांत्रिक म्हणाला, सुटलेला शब्द माझ्याही हातात नाही. वैद्य आले आणि मान हलवून गेले. राणीने हाय खाल्ली आणि एका सकाळी तीही गेली. राजाचा जीव तीळ तीळ तुटत होता, आणि लेक तीळ तीळ आटत होती. तिच्या वयाची बारा वर्षे सरली तेव्हा ती हातभर उरली होती. पुढे काय, असे ज्योतिष्याला विचारले तर तो खाली पाहून म्हणाला की येत्या वर्षात कधीतरी ती दिसेनाशी होईल.

त्या राज्यात एक रीत होती. बारा सरली की मुलीने पहिला गुलाबी परकर घ्यायचा. तोवर तो रंग अंगाला लावायचा नाही. निवडायचा मुलीने, घ्यायचा बापाने. राजाला वाटले, पोर विसरली असेल. पोरी असले काही विसरतात थोडेच! त्या दिवशी सकाळी ती पाटावर उभी राहून म्हणाली, "तात, माझा गुलाबी परकर घ्यायला कधी जायचे?"

खिडकीत एक साळुंकी बसली होती, ती बोलली. "राजा, तीन बाजार आहेत. तिसऱ्यात शापाला उतारा आहे. पण आधीच्या दोहोंत काही घेतलेस, तर तिसरा तुला दिसणार नाही." राजाने लेकीला कडेवर घेतले आणि तो पायीच निघाला. आशेने निघाला असे कोणी समजू नये. लेकीला नाही म्हणण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते, म्हणून निघाला.

पहिला बाजार सरोवराच्या तळाशी भरत असे. लोक पाण्यातून चालत येत आणि कोरडे राहत. तिथल्या व्यापाऱ्याने कमळाच्या रंगाचा परकर काढला. चित्रांगी तो नेसली मात्र, आणि साऱ्या बाजाराला समोर बारा वर्षांची, पुऱ्या उंचीची, देखणी मुलगी दिसू लागली. राजाचे डोळे भरून आले. त्याने किंमत विचारली, तर व्यापाऱ्याने मुकुट मागितला. राजाचा हात डोक्याकडे गेलासुद्धा. तेवढ्यात चित्रांगीला तहान लागली. समोरच्या तिवईवर तांब्या होता. तिने हात पुढे केला, टाचा उंचावल्या, पण तांब्या काही हाताला लागेना. ती परत आली आणि परकर सोडून ठेवत म्हणाली, "यात मी तुम्हाला दिसते, तात. असत नाही."

दुसरा बाजार वाऱ्यावर भरत असे. दुकाने तरंगत येत, गिऱ्हाईक हात वर करी, दुकान खाली उतरे. तिथल्या जादूगारिणीने पहाटेच्या ढगाचा परकर दाखवला. त्याचा गुण असा की अंग आटेल तसा तोही आटे. लोळणार नाही, पायात अडकणार नाही, कधी सैल पडणार नाही. खरे सांगायचे तर राजाला हाच हवा होता. दोन वर्षे त्याने लेकीला स्वतःच्याच कपड्यांत अडखळून पडताना पाहिले होते. किंमत होती त्याची तलवार, आणि ती त्याने कमरेची सोडलीही. तो म्हणाला, "हाच घे, बाळ. आता आपल्या हाती एवढेच आहे."

चित्रांगीने परकराची कड बोटांत धरून पाहिली. मग म्हणाली, "यात मी संपेन, आणि ते कुणाला टोचणारही नाही." दोन वर्षांत ती राजासमोर रडली नव्हती, ती आता रडली. राजाने तलवार पुन्हा कमरेला बांधली. त्या वाटेने चालताना त्याच्या मनात आले की आपणच त्या सरोवरात उतरावे आणि कोरडे बाहेर येऊ नये. पण कडेवर लेक होती.

तिसरा बाजार म्हणजे चिंचेखाली एक दुकान. ना पाणी, ना वारा. एक म्हातारी शिंपीण, एक सुई, आणि दोरीवर जाडाभरडा सुती परकर. रंग मात्र गुलाबी. राजाला वाटले, साळुंकीने थट्टा केली. चित्रांगीने तो परकर हातात घेतला, गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, "हा." त्यात तिच्यासारख्या चारजणी मावल्या असत्या.

म्हातारीने कुठलाही दुकानदार विचारतो तेच विचारले. "अंगाबरोबरचा करून देऊ, की वाढत्या अंगाचा?"

राजा जागच्या जागी थिजला. राजवाड्यात 'वाढ' या शब्दाला दोन वर्षे बंदी होती. वाढदिवसाला जन्मदिवस म्हणत. पानात भातसुद्धा वाढत नसत, घालत. आणि ही म्हातारी खुशाल विचारत होती. चित्रांगी हळूच म्हणाली, "वाढत्या अंगाचा." म्हातारी म्हणाली, "निवडलास तू. सांगायचे घेणाऱ्याने."

राजाला तो शब्द उच्चारवेना. आपण बोलणार ते खोटे आहे, हे त्याला ठाऊक होते, लेकीलाही ठाऊक असणार असे वाटत होते. तरी तो बोलला. "वाढत्या अंगाचा द्या."

"मग दुमडी घालते. पोर वाढेल तशी एकेक उसवायची. पण या दुमडींना दोरा घेणाऱ्याच्या उंचीचा लागतो. किती घालू?"

"माझी सारी उंची घ्या."

"सारी नको. वाढलेली लेक बघायला बापाने थोडे उरावे."

तिने राजाच्या खांद्याजवळ हात नेला आणि दिसेना असा धागा ओढून घेतला. सात दुमडी घातल्या. राजाची पाठ किंचित वाकली. चित्रांगी परकर नेसली आणि तरीही तो लोळतच होता. ती त्यात अडखळत, पडत, उठत घरी आली. राजाचा विश्वास बसला नव्हता, उगीच खोटे का सांगा. रोज सकाळी तो दाराशी येई आणि आत पाहायला धजत नसे. असे चाळीस दिवस गेले. एकेचाळिसाव्या दिवशी दासीने येऊन सांगितले की राजकन्येने तिवईवरचा तांब्या आपल्या हाताने उचलला. राजा तिथेच खाली बसला.

पुढे वर्षे गेली. दुमडी उसवत गेल्या आणि राजा वाकत गेला. लोक हळहळत, पण जाणती माणसे म्हणत की हीच जगाची रीत, मध्यंतरी उलटी झाली होती. पंगतीत पुन्हा भात वाढू लागले.

एके दिवशी दरबार भरला असताना चित्रांगी तरातरा आत आली. तिच्या कपाळावर आठी होती. सातवी दुमडही उसवून झाली होती आणि घोटे उघडे पडले होते.

"तात," ती म्हणाली, "हा आता आखूड होतो."

तिचे तोंड बघायला राजाला मान वर करावी लागली. मग तो काठी शोधत उठला आणि म्हणाला, "चल, दुसरा घेऊ."