बाजारवाटेने गेलेला चीक

कवठाळी गावात मायाजी नावाचा एक गवळी राहत होता. म्हशी पाळाव्यात तर मायाजीने, आणि त्यांचं कौतुक सांगावं तेही मायाजीनेच, असं गावात म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या म्हशी तेल चोपडल्यासारख्या चकाकायच्या. पण म्हैस धुऊन झाली की तो तिला सरळ गोठ्यात बांधायचा नाही. आधी चावडीवरून एक फेरी मारून आणायचा. कुणी तरी "वा!" म्हटलं, की मग त्याला न्याहारी गोड लागायची.

मायाजीला एकुलती एक लेक होती, सगुणा. तिला देवनळे गावी दिली होती. तिला सातवा महिना लागला, आणि एक दिवस गावोगाव बांगड्या भरत फिरणारी कासारीण तिचा निरोप घेऊन आली.

"सगुणा म्हनती, चांदी म्हस व्याली की पैला चीक मला आना. माझ्या चुलीवर वाफवीन आन् गरम गरम खरवस खाईन. दुसरं काय बी नगं म्हनती पोर."

हे ऐकून मायाजीचे डोळे भरून आले. पोटुशी लेक, तिला डोहाळे लागले, आणि ते कशाचे? तर बापाच्या गोठ्यातल्या चिकाचे! त्या दिवसापासून त्याचं कशात लक्ष लागेना. घास अर्धा टाकून तो उठायचा आणि गोठ्यात डोकावून यायचा. चांदी शांतपणे रवंथ करत त्याच्याकडे बघत राहायची.

"अवं, तुमी सारखं बघितलं म्हनून म्हस लवकर व्यायची न्हाई," त्याची बायको गिरजा हसून म्हणायची.

फाल्गुन सरत आला, ऊन तापायला लागलं, आणि ऐन दिवेलागणीला चांदी व्याली. काळंभोर रेडकू लडबडत उभं राहिलं. मायाजी आनंदाने ओरडतच अंगणात आला. समोरून एक गाडीवान देवनळ्याकडे निघाला होता. मायाजीने त्याला अडवलं आणि त्याच्याकडे निरोप दिला, "आमच्या सगुणाला सांगा, उद्या चीक घेऊन येतोय. न्याहारीला पोचतो म्हनावं!"

आता खरी धांदल उडाली. रेडकामागची वार बाहेर पडल्याशिवाय म्हैस पिळायची नाही, अशी त्यांच्याकडे रीत होती. म्हणजे पहिला चीक पहाटेच मिळणार. उन्हाळ्यात चीक दुपार धरत नाही, तेव्हा ऊन चढायच्या आत तो देवनळ्याला पोचायला हवा. आणि संध्याकाळी धारेच्या वेळेला मायाजीला घरी परतायला हवं, कारण ताजी व्यालेली चांदी दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. एका दिवसात जायचं, लेकीला डोळे भरून बघायचं आणि परत यायचं! मायाजीच्या अंगात नुसतं वारं संचारलं होतं.

त्याने अंगणात एक गोवरी ठेवली. "ही आपली कवठाळी." लांब दुसरी ठेवली. "हे देवनळं." मग काडी घेऊन तो मातीत वाट रेखू लागला.

गिरजाने त्याच्या हातातली काडी घेतली आणि दोन गोवऱ्यांमध्ये सरळ रेघ ओढली. "ओढ्याच्या वाटेनं जावा. उन्हाच्या आत पोचाल."

"ओढ्याच्या वाटेनं?" मायाजी दचकलाच. "तिथं हाय कोन? बाभळी आन् बगळे!"

त्याने बाजूला तिसरी गोवरी ठेवली. ती बोरपेठ. तिथे उद्या आठवड्याचा बाजार होता. मायाजीची रेघ कवठाळीहून निघाली, लांबलचक वळसा घेऊन बोरपेठेत शिरली आणि मग कुठे देवनळ्याकडे वळली.

"बाजारवाट कशी सपाट हाय. गाडी हलायची न्हाई, चीक हिंदकळायचा न्हाई," तो म्हणाला. मनातून त्याला ठाऊक होतं की कारण ते नव्हे. भरल्या बाजारातून आपली गाडी लेकीच्या गावाला चालली आहे, चार लोक थांबून विचारताहेत, हे चित्र केव्हाचं त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होतं.

गिरजाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "चीक लेकीला खायला न्यायचाय का लोकान्ला दावायला?"

"तू बघच गं!" मायाजी म्हणाला आणि बैलांच्या झुली शोधायला पळाला.

पहाटे त्याने चांदीची धार काढली. चीक कसा, तर पिवळाधमक आणि साईसारखा दाट. गिरजाने तो पितळी चरवीत भरला, तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधलं आणि चरवी गवतात रोवून ठेवली. "आता हे फडकं सगुणाच्या चुलीपाशी सोडायचं. मधी सोडाल तर ऊन लागंल."

"मला काय सांगतीस? जल्म गेला माझा ह्यात!" मायाजी म्हणाला.

निघायचं तर तेव्हाच निघायचं होतं. पण गल्लीत अजून चिटपाखरू नव्हतं. एवढी सजवलेली गाडी, आणि बघायला कोण, तर कुत्री! मायाजीने बैलांच्या शिंगांना पुन्हा एकदा रंगाचा हात दिला. घुंगरमाळा सोडून पुन्हा बांधल्या. फेटा दोनदा फिसकटला, तो तिसऱ्यांदा मनासारखा बसला. तोवर गावात चुली पेटल्या, माणसं दारात आली, आणि तेव्हा कुठे मायाजीची गाडी घुंगरं वाजवत चावडीवरून निघाली.

"कुठं चालली सवारी?"

"लेकीकडं! डोहाळं लागल्यात तिला आपल्या चिकाचं!" मायाजीने गाडी थांबवली. "बघायचाय का? असा चीक पंचक्रोशीत मिळायचा न्हाई!"

आणि जन्म ह्यात गेलेल्या त्या माणसाने चावडीसमोर चरवीचं फडकं सोडलं.

लोकांनी वाकून पाहिलं. "वा!" म्हणाले. मायाजीची छाती फुगली. त्याने फडकं पुन्हा बांधलं आणि गाडी हाकली. वारा गार होता, बैल उड्या मारत चालले होते, शेताशेतांतून माणसं हात करत होती. आयुष्यात इतकी सुंदर सकाळ आपण पाहिली नाही, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. तो मोठमोठ्याने गाऊ लागला.

बोरपेठेत पोचला तेव्हा बाजार ऐन भरात आला होता. मिरचीवाला ओळखीचा निघाला. त्याला चीक दाखवला. दोराची भेंडोळी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने गाडी अडवून बैलांची चौकशी केली. त्यालाही दाखवला. त्या म्हाताऱ्याने आपल्या भावाला हाक मारली. पुढे तर मायाजीला कुणी विचारायचीही गरज उरली नाही. गर्दीमुळे गाडी जिथे जिथे अडायची, तिथे तिथे तो स्वतःच फडकं सोडायचा. कुणी तरी आग्रहाने त्याला गरम भजी खायला घातली. ती खाता खाता त्याने म्हशीच्या सात पिढ्या सांगितल्या, नव्या रेडकाचंही कौतुक ऐकवलं. फडकं केव्हाच वाळून खडखडीत झालं होतं. ऊन मात्र कुणाच्या गप्पांसाठी थांबलं नव्हतं.

देवनळ्यात गाडी शिरली तेव्हा दुपार कलायला लागली होती. घुंगरांचा आवाज ऐकून अख्खी आळी गोळा झाली. सगुणा उंबऱ्यातून उठली, कमरेवर हात ठेवून सावकाश पुढे आली आणि बापाला बघून लहान पोरीसारखी हसली. चूल आधीच पेटवून ठेवलेली होती. तिने चिकात गूळ कालवला, वेलदोडा कुटून घातला आणि भांडं वाफेवर ठेवलं. मायाजी दारात उभा राहून आळीला सांगत होता, "आता बघा, सुरी लावली तर वडी कशी सुटती!"

सगुणाने झाकण काढलं. आंबूस वास आला. भांड्यात पिवळं पाणी होतं, आणि त्यात चोथ्याच्या गुठळ्या तरंगत होत्या.

चीक फाटला होता.

आळीतली माणसं एकेक करून पांगली. लोकांचं काय, ते बघायला आले होते, बघून गेले. विहीणबाई भल्या स्वभावाच्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "असू द्या पाव्हणं. उन्हाचा दोष. पन पोर मातुर पहाटेपास्नं उंबऱ्यात बसलीया. भाकरी म्हनून खाल्ली न्हाई. म्हनती, आबा न्याहारीला येत्यात, खरवसाला पोटात जागा ऱ्हाऊ दे."

सगुणाने पदराने कपाळ पुसलं. "आबा, लांबनं आलाय. तुमी कायतरी खाल्लंय का न्हाई?"

मायाजीला बाजारातली भजी आठवली. दोन जिवांची लेक उपाशी बसली होती आणि बाप भजी खात चरवी उघडून दाखवत होता. ज्यांना दाखवली, त्यांतल्या एकाचंही नाव त्याला आता आठवेना.

बसायलाही वेळ नव्हता. धारेची वेळ गाठायची होती. "आधी भाकरी खा गं," एवढंच तो कसंबसं म्हणाला आणि गाडीकडे वळला. जाताना ओढ्याची वाट धरली. ती इतक्या लवकर संपली की त्याला स्वतःचाच राग आला.

घरी गिरजाने त्याचा चेहरा बघूनच काय झालं ते ओळखलं आणि बैल सोडायला घेतले. मायाजी गोठ्यात गेला, चांदीची धार काढून आला आणि अंगणात उभा राहिला. एकाएकी तो वळला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा तीच कालची चमक होती.

"गिरजे, उद्या फाटंचा चीक अजून हाय की!"

"हाय. पन पातळ निघंल. पैल्या चिकासारखा खरवस न्हाई व्हायचा त्याचा."

"न्हाई तर न्हाई! पन गरम तर मिळंल पोरीला!"

त्याने झुली काढून ठेवल्या आणि घुंगरमाळा खुंटीला टांगल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढून झाली, तेव्हा अजून फटफटायचं होतं. गिरजाने चरवीला फडकं बांधलं, मायाजीने डोक्याला साधं मुंडासं गुंडाळलं आणि गाडी गुपचूप ओढ्याकडे उतरली. वाटेत खरोखरच बाभळी आणि बगळे सोडले तर कुणी नव्हतं. खाचखळग्यांत गाडी हिंदकळली की मायाजी चरवी पोटाशी धरायचा. फडकं वाळायला लागलं की ओढ्याच्या पाण्याने भिजवायचा. पोचतो की नाही, पोचतो की नाही! बैलांनाही काय उमगलं कोण जाणे, ते चाबूक न दाखवता धावत होते. समोर देवनळ्याच्या चुलींचा धूर दिसला, आणि मायाजी एकटाच गाडीत उभा राहून आनंदाने ओरडला.

सगुणा अंगण झाडत होती. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातला खराटा गळून पडला. "आबा? आज परत?"

"चूल पेटीव आधी!"

खरवस झाला. घट्ट काही झाला नाही. सुरी लावावी अशी वडी तर नाहीच, चमच्याने उचलला तर थरथरत होता. पहिल्या चिकाची चव गेली ती गेलीच, ती आता चांदीच्या पुढच्या वेतापर्यंत यायची नव्हती. पण वाफ येत होती, आणि वेलदोड्याचा वास घरभर सुटला होता. सगुणाला ताटली शोधायचाही धीर निघाला नाही. ती चुलीपुढे बसूनच भांड्यातून खाऊ लागली. तोंड भाजलं, फुंकर घातली, हसली, पुन्हा खाल्लं.

मायाजी तिच्यासमोर बसला होता. बघायला आळीतलं कुणी आलं नव्हतं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"आबा, चांदीचं रेडकू कसं हाय वं?" सगुणाने तोंडात घास असतानाच विचारलं.

मायाजी सांगायला लागला आणि मधेच थांबला. काल भरल्या बाजाराला त्याने रेडकाचं कौतुक ऐकवलं होतं. लेकीला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

तात्पर्य: ज्याच्यासाठी निघालो, त्याला आठवून वाट निवडावी. बघणाऱ्यांसाठी निवडली, तर त्यांची वाहवा तेवढी मिळते, आणि आपलं माणूस दारात उपाशी बसून राहतं.