उलटी प्रदक्षिणा

"म्हणजे माझी बारा वर्षं पाण्यात गेली ना, गुरुजी?"

वृद्ध ओरन बॉइन नदीच्या काठी बसून आपली लाकडी वाटी विसळत होते.

आयर्लंडात पूर्वी द्रुइड असत. देवांच्या, नद्यांच्या, टेकड्यांच्या कथा तोंडपाठ ठेवणारे गुरू. ओरन त्यांतलेच. फियाख्रा त्यांचा शिष्य, बारा वर्षं त्यांच्याकडे शिकणारा. हुशार खरा, पण आढ्यता केवढी! बोआन देवीची कथा सांगताना 'आणि देवी चुकली!' या शब्दांवर त्याचा आवाज असा चढायचा, की झाडावरचे कावळे उडावेत. जणू यानंच तिला पकडलं होतं.

आज जत्रेत त्याला पहिल्यांदाच मान मिळाला होता. पवित्र विहिरीला सूर्य फिरतो त्या दिशेनं तीन प्रदक्षिणा घालायच्या, मग कथा सांगायची. स्वारी निघाली ती लोकांकडे बघत बघत. आणि घातली की उलटी प्रदक्षिणा! एक नाही, तिन्ही.

अख्खा गाव उठून गेला.

"अपशकुनी म्हणतात मला. माझ्या तोंडून कथा ऐकायची नाही म्हणतात. मला घरी पाठवा, गुरुजी. तोंड दाखवायला जागा उरली नाही."

"बोआन कोणत्या बाजूनं फिरली होती?"

फियाख्रा चपापला. "...उलटीच."

"मग?"

"विहीर खवळली. पाणी उसळून तिच्या मागे लागलं, थेट समुद्रापर्यंत. ती बुडाली."

"आणि ते पाणी?"

"त्याचीच ही नदी झाली."

ओरननी वाटी नदीत बुडवून त्याच्यापुढे धरली. "पी."

तो घटाघटा प्यायला. सकाळपासून घशाखाली काही उतरलं नव्हतं.

"कसं आहे?"

"गोड."

"कोणाचं आहे?"

पलीकडच्या काठावर गावातल्या बायका पाणी भरत होत्या. सकाळी उठून गेलेल्याच त्या. फियाख्रा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याला एकदम हसू आलं, आणि रडूही.

"तिचंच की, गुरुजी..."

"उद्या पुन्हा विहिरीवर जायचं. नीट बघून चाल. कथा तूच सांगायची."

"लोक येतील?"

"पाण्याला येतात ना?"

"...कोणती कथा सांगू?"

ओरननी उरलेलं पाणी स्वतः पिऊन वाटी झटकली.

"तीच. फक्त 'देवी चुकली' म्हणताना आवाज चढवू नकोस."