काकडीला चटावलेलं कासव

ओढ्याकाठच्या एका गावात एक गुरवीण राहायची. येसू तिचं नाव. महादेवाची पूजाअर्चा तिच्या घरची, आणि देवळामागच्या परसात हिंडणारं, पाठीवर चांदण्या असलेलं कासवही तिच्याच घरचं. पाण्यातलं नव्हे हं. कोरड्या जमिनीवरचं, झाडपाला खाणारं.

ते तिच्या सासूनं वाढवलेलं. काय दिवस होते ते! सासू सकाळी ओट्यावर भाजी निवडायला बसली की कासव डुलत डुलत यायचं. मुळ्याचा पाला, तांदुळज्याचे देठ, शेवग्याची डहाळी, भोपळ्याचं फूल, बांधावरची घोळ. त्या दिवशी जे निघेल ते त्याच्यापुढे. काकडीची चकतीही मिळायची, पण सणावारी. "रोजच सण केला, तर सणाला काय करशील रे?" असं म्हातारी त्याला विचारायची आणि सुनेला हसवायची.

म्हातारी गेली. घर सुनं झालं. येसूला वाटे, सासूबाईंच्या हातचं एवढंच काय ते जितंजागतं उरलंय. त्याला काही कमी पडू द्यायचं नाही.

त्या गावची रीत अशी, की मळ्यातली नव्हाळीची पहिली काकडी महादेवाला. देवापुढची काकडी येसू सोलून कासवाला भरवू लागली. ते कुरुकुरु खायचं. बायका म्हणायच्या, "गुरवीणबाई, तुमच्या हाताला गोडी आहे हो!" येसू फुलून जायची. नव्हाळी सरली, तरी काकडी सरली नाही. मळेवाले कौतुकानं रोज आणून देऊ लागले. कासव पाल्याकडे ढुंकून बघेना. पाला पुढे केला की मान आत. "नको तर नको, माझ्या राजा," म्हणत येसू पुन्हा काकडी सोलायची.

होता होता कासवाचे मागचे पाय ओढू लागले. पाठीची कड बोटानं दाबली, तर भिजल्या चामड्यासारखी दबायची.

तेवढ्यात द्वारकाआत्या, म्हणजे येसूच्या नवऱ्याची आत्या, माहेरपणाला आल्या. कासव उचलून बघताच कडाडल्या, "काय दशा केलीस गं याची! काकडीत पाण्यावाचून आहे काय? नुसत्या पाण्यावर हाडं धरतात होय?"

"ते दुसरं खातच नाही, आत्याबाई. उपाशी ठेवू का?"

"पोरानं गूळच मागितला, तर भाकरी बंद करशील?"

"जीव तुटतो हो माझा."

"तुटू दे. तुझा तुटेल, पण त्याचा जाईल."

येसूनं काकडी बंद केली. कासव रुसून दगडाआड बसलं. पुढ्यातला पाला तसाच सुकला. गाव कुजबुजलं, "सासू गेली, आता हिला सासूचं कासवही डोळ्यांत खुपतंय." अशात पाटलीणबाई ताटात काकडी घेऊन आल्या. गुरवाच्या घरचा वर्षाचा शिधा त्यांच्याकडून यायचा.

"सर बाजूला येसू, मी भरवते."

येसू आडवी आली. "देवाला वाहा, पाटलीणबाई. त्याला नको."

"आमच्या घरची काकडी परत?"

"परत. राग आला तर शिधा बंद करा. पण हे मी होऊ देणार नाही."

शिधा खरंच बंद झाला. येसू लोकांच्या शेतात खुरपणीला जाऊ लागली. येताना ओटीत घोळ आणायची, तांदुळजा, हरळी, वाटेवरची जास्वंद, जे सापडेल ते. सगळं उन्हात पसरून ठेवायची आणि काळजावर दगड ठेवून आत निघून जायची. अखेर एका दुपारी कासवानं मान बाहेर काढली. इकडेतिकडे पाहिलं आणि घोळीचा शेंडा तोडला.

पुढे पाय उचलू लागले. पाठ हळूहळू टणक झाली. पण आता ते येसूकडे धावत येईना. इथे एक पान ओढ, तिथे एक फूल तोड, असं परसभर आपल्याच नादात चरायचं. एकदा ओट्यावरून पाय खाली टेकून बसलेल्या येसूच्या पावलावरून ते सरळ चढून गेलं, तिच्याकडे न बघता. चांगलंच जड होतं. येसूनं पाय हलवला नाही. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जा बाबा, जा."

तात्पर्य: पोसायचं तर चौरस पोसावं, हट्ट पुरवून नव्हे, मग आपल्याला कुणी गोड म्हणो की वैरीण.