मुठीत अडकलेली भरती

ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली, त्याला इलाज नाही. वाचणाऱ्यांनी पोटात घालावं आणि गोष्टीकडे लक्ष द्यावं.

एका राज्यात घटिकापात्र नव्हतं, घंटा नव्हती, समुद्र होता. भरती आली की नगारा वाजे, ओहोटी लागली की पुन्हा वाजे, आणि त्या नगाऱ्यावर सगळं राज्य चाले. लोक म्हणत, "भरतीला भेटू", "ओहोटीला जेवू". लग्नं लागत ती चढत्या पाण्यावर, आणि भांडणं मिटवायला बसत ती उतरत्या पाण्यावर.

नगारा वाजवणाऱ्याचं नाव शिदोजी. माणूस इतका लाजरा की कोणी नुसती हाक मारली तरी त्याचे कान लाल होत. नगारा हेच त्याचं बोलणं. त्याची बायको बकुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचं माहेर समोरच्या बेटावर. ओहोटीला मधली खडकांची वाट उघडी पडे, त्या वाटेने शिदोजी तिला सोडून आला होता. निरोप घेताना ती म्हणाली, "दिवस भरत आलेत. नगाऱ्याच्या नादात आम्हाला विसराल." तो म्हणाला, "नाही विसरणार." आणि परतला.

आता राजाचं ऐका. राजाचं नाव भानुकेतू. एके दिवशी तो सज्जात उभा होता. खाली ओहोटी लागलेली, पाणी मागे मागे सरकत होतं.

"प्रधानजी, हे पाणी कुठे जातं?"

"पलीकडच्या किनाऱ्याला, महाराज."

"कोणाला विचारून?"

प्रधानाने आजवर पुष्कळ अवघड प्रश्न निभावून नेले होते, पण हा त्याला कोणी घातला नव्हता. तो म्हणाला, "कोणालाच नाही, महाराज."

"म्हणजे आमचं पाणी रोज निघून जातं, आणि आम्ही सज्जात उभे राहून बघतो."

राजाने औघडनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावलं आणि पाणी अडवायला सांगितलं. समुद्र काठोकाठ भरला तेव्हा मांत्रिकाने राजाला महालाच्या समुद्रात उतरणाऱ्या पायरीवर उभं केलं आणि म्हटलं, "मूठभर पाणी घ्या. मूठ मिटा. म्हणा, माझं."

राजाने पाणी घेतलं, मूठ मिटली आणि म्हटलं, "माझं."

समुद्र थांबला.

लाट उचललेली होती तशीच उभी राहिली. पाणी डिंकासारखं घट्ट झालं. वल्हं घातलं की अडके, पोहायला उतरलेला माणूस कमरेपर्यंत रुतून बसे आणि त्याला दोराने ओढून काढावं लागे. होड्या जागच्या जागी चिकटल्या. पलीकडचा किनारा उघडा पडून वाळत गेला, इकडचा बुडून कुजत गेला. खडकांची वाट पाण्याखाली राहिली.

आणि राज्यात मोठा घोळ झाला. नगारा वाजेना, म्हणून जेवायची वेळ कळेना. कोणी दोनदा जेवले, कोणी उपाशी झोपले. एका नवरदेवाची वरात मांडवाशी आली ती मुहूर्त टळून गेल्यावर की मुहूर्ताच्या आधी, यावर दोन्हीकडचे मामा अजून भांडत होते, आणि भांडण मिटवायला ओहोटी नव्हती. शिदोजी टिपरू हातात घेऊन नगाऱ्याशी उभा राही. वाजवावा तरी चूक, न वाजवावा तरी चूक. लोक विचारत, "शिदोजी, आता काय आहे?" तो म्हणे, "पाणी आहे."

राजालाही कळलं की काहीतरी बिघडलं. मेलेल्या मासळीचा वास महालात शिरला. त्याने मूठ उघडायला घेतली, तर मूठ उघडेना. तेल लावलं, शेक दिला, पहिलवान बोलावले. राजा डाव्या हाताने जेवू लागला आणि देवळात डावा हात पुढे करून तीर्थ मागू लागला. पुजारी मान दुसरीकडे वळवत.

औघडनाथ पळून जायला निघाला होता, पण त्याचं गलबत बंदरातच चिकटलं होतं. राजा धक्क्यावर येऊन उभा राहिला.

"मंत्र उतरव."

"मंत्र पाण्यावर नव्हता महाराज, मुठीवर होता. पाण्याचा खरा धनी येऊन मागेल, तेव्हा ती उघडेल."

"धनी मीच आहे."

"मग स्वतःकडेच मागा."

राजाने धक्क्यावर उभं राहून स्वतःकडे पाणी मागितलं. काही झालं नाही. बघणाऱ्यांनी हसू दाबलं.

मग दवंडी पिटली की पाण्याचा धनी शोधून आणील त्याला मागेल ते मिळेल. मोठमोठे सरदार समुद्राकडे बघून मागे सरले. शिदोजी पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुला काय हवं?" राजाने विचारलं.

"ओहोटी, महाराज. बायको पलीकडे आहे."

त्याने नगारा ठेवला, खांद्याला टिमकी अडकवली आणि निघाला. खाडीच्या तोंडाशी एका खुंटावर एक खंड्या बसला होता. त्याची चोच वाकडी झाली होती.

"नगारची, कुठे निघालास?"

"पाण्याचा धनी शोधायला. तुझ्या चोचीला काय झालं?"

"पाणी आरशासारखं झालंय. खाली मासा दिसतो म्हणून सूर मारतो, तर तो मीच असतो. चल, मी येतो. पाणी ओढणारा कोण ते मला ठाऊक आहे. दुपारचा तो त्या डोंगरावर बसतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही म्हणून."

डोंगरावर दिवसाचा चंद्र बसला होता, पांढरा, ताकासारखा पातळ.

शिदोजीने हात जोडले. "पाण्याचे धनी आपण का?"

"आधी माझं एक काम कर," चंद्र म्हणाला. "समुद्र थांबल्यापासून त्यात माझं तोंड दिसतं ते जसंच्या तसं. सगळे डाग दिसतात. एकदा मला हललेलं बघू दे."

शिदोजीने विचार केला. टिमकी तोंड वर करून जमिनीवर बसवली, तिच्यावर झऱ्याच्या पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि कडेने हलकेच बोटं वाजवली. वाटीतलं पाणी थरथरलं, आणि त्यात चंद्राचं तोंड शंभर जागी मोडून पुन्हा जुळलं. चंद्र समाधानाने म्हणाला, "आता ऐक. मी धनी नाही, मी फक्त ओढतो. पाणी माझ्या बाजूने फुगतं, आणि पलीकडच्या बाजूनेही फुगतं. तुमची जमीन त्या फुगवट्यांतून फिरत जाते, आणि तुम्ही म्हणता भरती आली."

"म्हणजे पाणी येत नाही? आम्हीच पाण्यात जातो?"

"तसं म्हण, नाहीतर असं म्हण. सध्या मी ओढून ओढून दमलो, ते हलत नाही. वाऱ्याला विचार."

डोंगर उतरताना शिदोजी खंड्याला म्हणाला, "तुला कळलं?"

"पलीकडच्या बाजूने का फुगतं, ते नाही कळलं."

"मला तर अलीकडचंही नाही कळलं."

वारा दोन डोंगरांमधल्या माळावर राहत असे. सध्या त्याला ढकलायला काही नव्हतं, म्हणून तो गवत इकडून तिकडे करत होता.

"धनी?" तो म्हणाला. "आधी हा माळ सरळ ओलांडून दाखव. मी मागून ढकलतो."

शिदोजी नाकासमोर चालू लागला. वाऱ्याने ढकललं. तो पोचला तो समोरच्या वडाशी नाही, उजवीकडच्या दगडाशी. पुन्हा चालला, पुन्हा दगडाशी. तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम डावीकडे रोख धरला, तरी दगडाशीच. तो खाली बसला.

"नाही जमत."

"जमलं असतं तर मी बोललोच नसतो," वारा म्हणाला. "पाण्याचंही असंच आहे. मी सरळ ढकलतो, ते तिरकं जातं. वळत वळत समुद्राच्या आत मोठमोठ्या नद्या होतात, कढत पाणी गार मुलखात जातं, गार पाणी उन्हाच्या देशात येतं. का वळतं, तर म्हणे खालची जमीन फिरते. माझ्या हातात काय आहे? मी धनी नाही. जिथे पाण्याचा दगड होतो तिथे थंडी नावाची म्हातारी राहते, तिला विचार."

शिदोजी चालत राहिला. किती दिवस, ते सांगता येत नाही. दिवस मोजायला भरती कुठे होती? वाटेत तो सारखा एकच गोष्ट मनात उलटीपालटी करी. बकुळा सुटली असेल का? बाळ झालं असेल का? आणि मग जमीन फिरते की पाणी, यात तो अडके.

जगाच्या टोकाला, जिथे पाणी अजून हलत होतं, म्हातारी बसली होती. मांडीवर सूप घेऊन ती समुद्र निवडत होती. जसे तांदळातले खडे निवडावेत तसं. गोठलेलं पाणी एकीकडे टाकी, मीठ दुसरीकडे सारी.

"पोरा, एक सूप निवडून दे. मग विचार."

शिदोजी बसला. त्याची बोटं आधी दुखली, मग सुन्न झाली. बर्फ वर तरंगत राही आणि मीठ उरल्या पाण्यात जाई. ते पाणी जड होऊन मुकाट्याने तळाला उतरे.

"कुठे जातं, आजी?"

"तळातळाने चालत जातं. फार हळू. तुझ्या राजाने जे मुठीत धरलंय ना, ते माझ्या सुपातून गेलं तेव्हा तुमच्या राज्याला राजा नव्हता. पुन्हा माझ्याकडे येईल तेव्हाही नसेल बहुतेक."

"मग धनी तुम्ही."

"मी? मी तर निवडणारीण."

शिदोजीचं अवसान गेलं. सूप संपलं होतं, आणि थंडीने त्याचीच मूठ मिटून बसली होती; उघडता येईना. म्हातारीने त्याचा हात हातात घेतला. बोटं ओढली नाहीत. मुठीच्या पाठीवरून नुसता अंगठा फिरवत राहिली, आणि बोटं आपोआप सुटली.

"जा आता," ती म्हणाली. "बायको वाट बघत असेल."

शिदोजी परतला तेव्हा दरबार भरला होता. तो एकटाच पुढे उभा राहिला. खंड्या तुळईवर बसला होता.

"धनी कुठे आहे?" राजाने विचारलं.

"मिळाला नाही, महाराज. चंद्र म्हणतो मी ओढतो, वारा म्हणतो मी ढकलतो, म्हातारी म्हणते मी निवडते. माझं कोणीच म्हणत नाही. जमीन फिरते असंही दोघांनी सांगितलं. माझा सगळा गोंधळ झालाय."

औघडनाथ दारातून म्हणाला, "मग मूठ मरेपर्यंत मिटलेली राहणार. मागणाराच नाही."

शिदोजीचे कान तापले, पण खिडकीतून समोर बेट दिसत होतं आणि मधे ते घट्ट पाणी. तो बोलला.

"महाराज, धनीच नाही म्हणजे मागायला कोणी येणार नाही. तुम्हालाच, कोणी न मागता, सोडावं लागेल."

राजाने बोटं सोडवायचा प्रयत्न केला. मग हळू आवाजात म्हणाला, "नगारची, मागितल्याशिवाय कसं सोडतात, ते मला कोणी शिकवलं नाही. माझी इच्छा आहे. बोटं ऐकत नाहीत."

"हात लावू का, महाराज?"

राजाने मूठ पुढे केली. शिदोजीने ती दोन्ही हातांत घेतली आणि पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. राजा म्हणाला, "माझं नव्हतं ते." आणि करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट, मग सगळी मूठ.

आत जेमतेम घोटभर पाणी होतं. ते फरशीवर पडलं, उंबऱ्याकडे ओघळलं, पायऱ्या उतरत गेलं. ते समुद्राला टेकलं तशी उभी राहिलेली लाट कोसळली, आणि अडलेली सगळी ओहोटी एकदम निघाली. होड्या सुटल्या. पलीकडच्या किनाऱ्याला पाणी लागलं. खंड्याने सूर मारला, आणि या खेपेला वर आला तो मासा घेऊन. औघडनाथ धावत गलबतावर चढला, आणि ते त्याच्यासकट जे वाहत गेलं, ते वळत वळत कुठे गेलं कोणास ठाऊक. दोन्ही मामा भांडण मिटवायला बसले.

नगारा वाजवायला शिदोजी जागेवर नव्हता. राजाने स्वतः टिपरू उचललं आणि उजव्या हाताने नगारा वाजवला. ठोका चुकला, पण राज्याला जेवायची वेळ कळली.

शिदोजी खडकांवरून पळत होता. शेवाळावर दोनदा घसरला. बेटावरच्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

"आलात, जावईबापू? आम्हाला वाटलं, वाट विसरलात."

"वाट बुडाली होती."

"पोरगी झाली. आत जा, पण पाय धुऊन."

बकुळा वाळली होती, पण हसत होती. त्याने घाईघाईने सगळं सांगितलं. चंद्र, वारा, म्हातारी. ती ऐकत राहिली.

"मग पाणी येतं, की आपण पाण्यात जातो?"

शिदोजी म्हणाला, "दोन्ही असावं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही," तो म्हणाला, आणि पोरीला मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. दुपट्यांचं गाठोडं घेऊन समुद्राकडे निघाला, तर सासूबाईंनी मागून सांगितलं, "खाऱ्या पाण्यात नको, पोरीला टोचेल." तेव्हा त्याने विहिरीचं पाणी शेंदलं, एकेक दुपटं धुऊन पिळलं आणि भरतीत वाहून जाईल म्हणून ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर न घालता, अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं.